मोझार्टांचा प्रवासखर्च

२६ सप्टेंबर १७६३ रोजी ऱ्हाईन नदीकाठच्या कोब्लेंझ गावातून लेओपोल्ड मोझार्टने साल्झबुर्गला आपल्या घरमालकाला एक पत्र लिहिले. पत्रात एक आकडा होता: घर सोडल्यापासून आतापर्यंत १०६८ गुल्डन खर्च झाले. लगेच पुढे त्याने खुलासा केला होता की हा पैसा दुसऱ्यांच्याच खिशातून आलेला आहे, आपल्याला पदरमोड करावी लागलेली नाही. साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात लेओपोल्ड उपसंगीतप्रमुख होता आणि त्याचा वर्षाचा पगार साडेतीनशे गुल्डनांच्या आसपास होता. म्हणजे तीन वर्षांची कमाई साडेतीन महिन्यांत संपली होती, आणि पॅरिससुद्धा अजून यायचे होते.

९ जून १७६३ रोजी हे कुटुंब निघाले होते. त्रेचाळीस वर्षांचा लेओपोल्ड, बायको आना मारिया, बारावे वर्ष संपत आलेली मुलगी मारिया आना, जिला घरात नानेर्ल म्हणत, सात वर्षांचा वोल्फगांग आणि सेबास्टियन विंटर नावाचा नोकर. गाडी स्वतःची, घोडे मात्र डाकेच्या टप्प्याटप्प्यावर भाड्याने घ्यायचे. बव्हेरिया, दक्षिण आणि पश्चिम जर्मनीतली लहानमोठी संस्थाने, ऑस्ट्रियाच्या ताब्यातले नेदरलंड्स, फ्रान्स, इंग्लंड, डच प्रजासत्ताक, स्वित्झर्लंड असा फेरा घालून ते २९ नोव्हेंबर १७६६ रोजी घरी परतले. त्या साडेतीन वर्षांत मुलाने कुठे काय वाजवले, कोणाला थक्क केले, हे संगीताच्या इतिहासात भरपूर लिहिले गेले आहे. चार माणसांचे कुटुंब आणि नोकर इतका काळ परमुलखात कसे राहिले, गाडीभाडे कोणी दिले, औषधपाण्याचे पैसे कुठून आले, हे समजायला बापाची पत्रेच वाचावी लागतात.

पत्रे लोरेन्झ हागेनाउअरला लिहिलेली आहेत. हागेनाउअर किराणा-मसाल्याचा मोठा व्यापारी. साल्झबुर्गच्या गेट्राइडगासे रस्त्यावरच्या त्याच्या घरात मोझार्ट भाड्याने राहत आणि वोल्फगांगचा जन्मही तिथलाच. माल आणण्यानेण्याच्या निमित्ताने हागेनाउअरचे युरोपातल्या अनेक शहरांतल्या पेढ्यांशी व्यवहार होते. त्याच्या पतीवर लेओपोल्ड एका शहरातून दुसऱ्या शहरातल्या सराफाच्या नावे पतपत्र घेऊन निघे आणि तिथे रोकड उचले. पुण्याचा सावकार काशीच्या पेढीवर हुंडी द्यायचा आणि यात्रेकरू वाटेत लुटला जाण्याच्या भीतीतून सुटायचा, तीच ही व्यवस्था. कमाई जास्त झाली की ती उलट्या दिशेने साल्झबुर्गला पाठवायची सोयही तीच.

म्हणून ही पत्रे एकाच वेळी मित्राला लिहिलेली खुशाली आणि पत देणाऱ्याला दिलेला हिशेब आहेत. हागेनाउअरच्या घरी ती मित्रमंडळींत वाचली जातील याची लेओपोल्डला कल्पना होती. आकडे देताना तो मागेपुढे पाहत नाही, आणि खर्च मोठा असला की तो का झाला हेही सांगून टाकतो. याखेरीज तो एक टिपणवही ठेवत असे. तिच्यात मुख्यतः कुठे उतरलो, कोण भेटले, काय पाहिले यांच्या नोंदी आहेत. ही टिपणे १९२० मध्ये ड्रेस्डेनला छापली गेली. नावे टिपणवहीत आणि पैसे पत्रांत अशी विभागणी असल्यामुळे हिशेब जुळवायला दोन्ही शेजारी ठेवावी लागतात.

पहिल्याच टप्प्याला वासरबुर्गजवळ गाडीचे चाक मोडले. गिरणीवरून एक चाक मागून आणले, ते लहान निघाले, कसेबसे बसवून गाव गाठले आणि दुरुस्तीसाठी मुक्काम करावा लागला. त्या रिकाम्या वेळात लेओपोल्ड मुलाला चर्चमध्ये घेऊन गेला आणि ऑर्गनचे पायाने वाजवायचे पेडल कसे चालतात ते दाखवले. मुलगा लगेच वाजवू लागला ही गोष्ट प्रसिद्ध आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र चाक मोडणे ही पुढच्या साडेतीन वर्षांची नांदी होती. गाडी चालू असताना जेवढा खर्च होतो, त्याहून ती थांबल्यावर जास्त होतो. खानावळवाला दिवसावर पैसे घेतो आणि थांबलेल्या दिवशी कमाई शून्य असते.

म्युनिकला सुरुवात चांगली झाली. तिथल्या राज्यकर्त्याने, म्हणजे इलेक्टरने, १०० गुल्डन दिले आणि ड्यूक क्लेमेन्सने ७५. आउग्सबुर्ग हे लेओपोल्डचे जन्मगाव, पण तिथे पदरात फारसे काही पडले नाही. तिथे त्याने योहान आंद्रेआस श्टाइन या कारागिराकडून प्रवासात नेता येईल असा छोटा क्लेव्हियर, म्हणजे पट्ट्यांचे वाद्य, विकत घेतला. हा खर्च त्याला आवश्यक वाटला होता आणि ते बरोबरच होते. मुलांचा हात रोज वाजत राहिला नाही तर उत्पन्नाचे साधनच बंद पडणार.

कोब्लेंझच्या त्याच पत्रात लेओपोल्डने खर्चामागचे धोरणही सांगितले आहे. प्रकृती सांभाळण्यासाठी आणि दरबाराच्या लौकिकासाठी सरदारी थाटात प्रवास करावाच लागतो, असे तो म्हणतो. आपला वावर फक्त उमराव आणि प्रतिष्ठित माणसांत आहे, हेही तो नोंदवतो. वाचताना हा बडेजाव वाटू शकतो, पण धंद्याचे गणित तेच होते. स्वस्त सराईत उतरणाऱ्या वादकाला राजवाड्यातून बोलावणे येत नसे. उत्तम खानावळ, स्वच्छ कपडे, टोप आणि नोकर ही त्या बोलावण्याची किंमत होती आणि ती आधी भरावी लागे. बोलावणे येईल की नाही याची हमी कोणी देत नव्हते.

आखेनला हे फार स्पष्ट झाले. प्रशियाच्या राजाची बहीण, राजकन्या अमाली, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर आली होती. तिने मुलांचे खूप कौतुक केले आणि त्यांचे पापे घेतले. पण तिच्याकडे पैसे नव्हते. तिचे पापे लुई दोरची नाणी असते तर आपली चिंता मिटली असती, पण खानावळवाला आणि डाकेचा अंमलदार यांचे देणे पाप्यांनी चुकवता येत नाही, अशा अर्थाचे लेओपोल्डने घरी कळवले.

ब्रुसेल्सची वाट पाहणे त्याहून महाग पडले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुटुंब तिथे पोचले. गव्हर्नर प्रिन्स चार्ल्स ऑफ लोरेन ऐकायला उत्सुक असल्याचे सांगितले जात होते. पण शिकार आणि मेजवान्यांतून त्याला सवड होईना. त्याच्या परवानगीविना जाहीर मैफल करणे योग्य नव्हते आणि गाव सोडून जाणेही योग्य नव्हते. अखेर मैफल ७ नोव्हेंबरला झाली. मधल्या काळात नजराणे येत राहिले: तलवारी, लेस, तपकिरीच्या डब्या. यांवर एक दुकान थाटता येईल, असे लेओपोल्डने घरी लिहिले. दुकान थाटण्याइतका माल होता, रोकड मात्र बेताचीच होती. त्या काळी राजेरजवाडे कलावंताला नाणी मोजून देण्यापेक्षा डबी किंवा घड्याळ देणे अधिक शोभेचे मानत. डबी सोन्याची असली तरी परमुलखात ती मोडून घोड्यांचे भाडे देणे म्हणजे दात्याचा अपमान. त्यामुळे मिळकत असूनही ती हातात येत नसे.

त्यातच प्रत्येक हद्दीला नाणे बदलायचे. गुल्डनचे साठ क्रॉयत्सर. फ्रान्समध्ये एका लुई दोरचे चोवीस लिव्र आणि एका लिव्रचे वीस सू. इंग्लंडात पौंडाचे वीस शिलिंग, शिलिंगचे बारा पेन्स, आणि बिदागी ज्या गिनीत मिळायची तिचे एकवीस शिलिंग. १९५७ पूर्वी रुपये-आणे-पैमध्ये वाढलेल्यांना हे गणित कळेल, पण तिथे निदान नाणे एकच होते. लेओपोल्ड प्रत्येक देशातून हागेनाउअरला तिथल्या नाण्यांचा ताळा समजावून सांगतो, कारण त्याशिवाय साल्झबुर्गला बसलेल्या माणसाला आकड्यांचा अर्थ लागणार नव्हता.

१८ नोव्हेंबर १७६३ रोजी ते पॅरिसला पोचले. बव्हेरियाचा राजदूत काउंट फान आइक याची बायको साल्झबुर्गच्या आर्को घराण्यातली, त्यामुळे राहण्याची सोय त्यांच्या वाड्यात झाली आणि मोठा भार हलका झाला. तरीही शहर महाग होते. पिण्याचे पाणी सेन नदीचे, तेसुद्धा विकत घ्यावे लागे आणि उकळून ठेवावे लागे, हे लेओपोल्डने आवर्जून लिहिले आहे.

डिसेंबर संपताना कुटुंब व्हर्सायला गेले आणि तिथे सोळा दिवस राहिले. या सोळा दिवसांचा हिशेब म्हणजे लेओपोल्डच्या लेखणीचा उत्तम नमुना आहे. व्हर्सायला भाड्याच्या गाड्या मिळत नसत, फक्त खुर्चीवजा मेणे असत. हवा सतत खराब, त्यामुळे दोन-दोन, कधी तीन मेणे करावे लागत आणि प्रत्येक खेपेला पैसे मोजावे लागत. मुक्कामाचा खर्च बारा लुई दोरच्या आसपास गेला. त्यात दरबार सुतकात होता, म्हणून चौघांना काळे कपडे शिवून घ्यावे लागले. सगळे धरून व्हर्सायची सहल सव्वीस-सत्तावीस लुई दोरांना पडली. राजाकडून पुढे पन्नास लुई दोर आणि सोन्याची एक डबी मिळाली. म्हणजे राजवाड्याने दिलेल्या रोख पैशांतला निम्म्याहून जास्त वाटा राजवाड्यात जाण्यातच गेला होता. १० मार्च १७६४ च्या जाहीर मैफलीने मात्र ११२ लुई दोर जमवून दिले आणि मेल्खिओर ग्रिम या दरबारात वजन असलेल्या जर्मन लेखकाच्या ओळखींचे मोल लेओपोल्डला कळले.

एप्रिलमध्ये ते इंग्लंडला निघाले. गाडी कॅलेला ठेवली. विंटरने नोकरी सोडली होती, त्याच्या जागी झाँ-पिएर पोतिव्हाँ आला होता, आणि फ्रान्स आणि इंग्लंडमधली खाडी अनेकदा ओलांडलेला पोर्टा नावाचा एक इटालियन नोकरही घेतला होता. टपालाची बोट गच्च भरलेली असल्याने लेओपोल्डने वेगळे जहाज ठरवले आणि आणखी प्रवासी घेऊन भाडे वाटून घेतले. काटकसर करायची ती अशी, जिथे ती कोणाला दिसत नाही तिथे.

लंडनला २३ एप्रिलला पोचले आणि चौथ्या दिवशी राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांच्यासमोर मुले वाजवत होती. बिदागी चोवीस गिनी. खरी कमाई ५ जूनच्या मैफलीत झाली. आदल्या दिवशी राजाचा वाढदिवस, त्यामुळे सगळे उमराव शहरात येणार, हे हेरून लेओपोल्डने तारीख ठरवली होती. तीन तासांत शंभर गिनी जमल्या. खर्च चाळीस गिनी येईल अशी भीती होती, पण बऱ्याच वादकांनी मोबदला घेतला नाही आणि तो वीसवर आला. तीन तासांत एवढे पैसे आल्याचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

महिन्याभरात तो स्वतः आजारी पडला. उमरावाच्या घरच्या मैफलीला जाताना मुलांना मेण्यात बसवून तो पायी मागे चालला, घाम आला, मग गारवा लागला, आणि कित्येक आठवडे तो उठू शकला नाही. हवापालटासाठी कुटुंब शहराबाहेर चेल्सीला जाऊन राहिले. तिथे वडिलांच्या झोपेत अडथळा नको म्हणून वाद्य बंद होते आणि आठ वर्षांच्या वोल्फगांगने आपली पहिली सिंफनी तिथे लिहिली असे नानेर्लने पुढे सांगितले. लेओपोल्डच्या पत्रांत त्याच महिन्यांची दुसरी बाजू आहे. नोव्हेंबरमध्ये त्याने हागेनाउअरला कळवले की जुलैपासून १७० गिनी खर्च झाल्या. त्या काळात उत्पन्न जवळपास नव्हतेच.

जानेवारी १७६५ मध्ये राणीला अर्पण केलेल्या सोनाटा छापून झाल्या आणि तिने पन्नास गिनी दिल्या. फेब्रुवारीच्या मैफलीत १३० गिनी आल्या, २७ खर्ची पडल्या. पण लंडनचे कुतूहल ओसरत होते आणि त्याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत आहे. मार्चमध्ये तिकीट अर्धी गिनी होते, म्हणजे साडेदहा शिलिंग. मे महिन्यात ते पाच शिलिंगांवर आले. जुलैमध्ये कॉर्नहिलच्या ‘स्वान अँड हार्प’ या मद्यगृहात रोज दुपारी बारा ते तीन अडीच शिलिंगांत कोणालाही या मुलांचे वाजवणे ऐकता येत होते, मुलाची परीक्षाही घेता येत होती. राजवाड्यापासून मद्यगृहापर्यंतचा हा उतार पाहताना वाईट वाटते, कारण उतरत्या भावाची किंमत नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याची बहीण रोज तीन तास वाजवून चुकवत होते.

परतताना हॉलंडचा घाट अचानक ठरला. लील गावी बापलेक आजारी पडल्याने चार आठवडे गेले. मग हेगला नानेर्लला इतका ताप आला की मरणासन्न माणसाला देतात ते ख्रिस्ती संस्कारही तिला दिले गेले. ती सावरते तोच वोल्फगांग पडला आणि दोन महिने अंथरुणाला खिळला. वैद्य, औषधे, खोल्यांचे भाडे, सगळे चालूच. या पत्रांत हागेनाउअरला आणखी एक विनंती असते: साल्झबुर्गच्या अमुक चर्चमध्ये, अमुक वेदीपुढे प्रार्थना करवाव्यात आणि त्याचे पैसे आपल्या खात्यावर मांडावेत. घोड्याच्या भाड्याइतक्याच नेमकेपणाने हा खर्चही नोंदला जातो. लेओपोल्डला तो ऐच्छिक वाटत नव्हता, आणि मुले वाचल्यावर तर त्याला शंकाच उरली नसणार.

ॲम्स्टरडॅम, पुन्हा पॅरिस, लियों, जिनिव्हा, बर्न, झ्युरिक, डोनाउएशिंगेन असे करत ते घरी आले तेव्हा साल्झबुर्गमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: खर्च किती झाला? सेंट पीटर मठाचा ग्रंथपाल बेडा ह्युबनर याने रोजनिशीत लिहून ठेवले की या प्रवासाला वीस हजार गुल्डनांच्या आसपास खर्च आल्याचे बोलले जाते, आणि त्याने ते पटण्यासारखे मानले. पण मग मिळवले किती असेल, असेही त्याला वाटले. काही दिवसांनी मोझार्टांच्या घरी जाऊन त्याने घड्याळे, डब्या आणि अंगठ्या पाहिल्या आणि या नजराण्यांची किंमत बारा हजार गुल्डनांच्या घरात असेल असा अंदाज बांधला. लेओपोल्ड दरबारी नोकरीत राहिला आणि पुढची कित्येक वर्षे त्याच घरात, हागेनाउअरचा भाडेकरू म्हणून राहिला.

अकरा वर्षांनी, २३ सप्टेंबर १७७७ रोजी, एकवीस वर्षांचा वोल्फगांग आईबरोबर पुन्हा निघाला. नव्या आर्चबिशपच्या राज्यात लेओपोल्डला सोबत जाता आले नाही. खर्च लिहून कळवा, असे तो पत्रामागून पत्र पाठवत होता. मानहाइमहून आना मारियाने सकाळ-संध्याकाळच्या छोट्याशा शेकोटीला बारा क्रॉयत्सर पडतात, असे लिहिले. मुलाच्या पत्रांत संगीत भरपूर असे, पैशांचा पत्ता कमी. फेब्रुवारी १७७८ मध्ये लेओपोल्डने त्याला कळवले की या प्रवासापायी आपल्या डोक्यावर ७०० गुल्डनांचे कर्ज झाले आहे, आणि मुलाने पॅरिसची वाट धरावी असा हुकूम सोडला.