गँट तक्ता

गँट तक्ता (गँट चार्ट) हा प्रकल्पातील कामे आणि त्यांचा कालावधी आडव्या पट्ट्यांनी दर्शविणारा आलेख होय. डाव्या बाजूस कामांची नावे एकाखाली एक लिहितात व आडव्या अक्षावर दिवस, आठवडे किंवा महिने मांडतात. प्रत्येक पट्टीचे डावे टोक कामाचा आरंभ, तर उजवे टोक त्याची समाप्ती दाखविते.

इतिहास

अमेरिकन यंत्र अभियंते हेन्री लॉरेन्स गँट (१८६१–१९१९) यांच्या नावाने हा तक्ता ओळखला जातो. ते फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे सहकारी होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील युद्धसामग्रीचे उत्पादन व जहाजबांधणी यांवर देखरेख ठेवण्यासाठी त्यांचे तक्ते वापरले गेले. वॉलेस क्लार्क यांच्या १९२२ मधील पुस्तकामुळे त्यांचा प्रसार झाला. मात्र पोलिश अभियंते कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच ‘हार्मोनोग्राम’ नावाचा अशाच स्वरूपाचा तक्ता तयार केला होता. त्यांचे लेखन पोलिश व रशियन भाषांत असल्याने इंग्रजी जगतात ते फारसे पोहोचले नाही. नाव गँट यांचे झाले, यात भाषेचा वाटा मोठा आहे.

वाचन

पट्टीची लांबी काळ दर्शविते, श्रम नव्हे. घरबांधणीत स्लॅबचे काँक्रीट एका दिवसात ओतून होते. त्यानंतर साध्या सिमेंटच्या स्लॅबवर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. या कामाला माणूसबळ नाममात्र लागते, तरी त्याची पट्टी काँक्रीट ओतण्याच्या पट्टीहून कितीतरी लांब असते. नवशिके अशा प्रतीक्षेच्या पट्ट्या हमखास गाळतात आणि वेळापत्रक पहिल्याच महिन्यात कोलमडते.

प्रगतीची नोंद

झालेल्या कामाच्या प्रमाणात पट्टी भरत नेतात आणि चालू तारखेवर उभी रेषा ओढतात. गिलाव्यासाठी १० दिवस धरले असून सहाव्या दिवसाअखेर ४ दिवसांइतकेच काम झाले असेल, तर भरलेला भाग रेषेच्या मागे राहतो व २ दिवसांची पिछाडी डोळ्यांना दिसते. त्यासाठी काम मोजलेले हवे. किती चौरस मीटर गिलावा झाला हे न मोजता ‘जवळजवळ झालेच’ म्हणून पट्टी रंगविली, तर तक्ता केवळ शोभेचा उरतो. वेळापत्रक बदलल्यास मूळ पट्टी न पुसता तिच्याखाली सुधारित पट्टी काढावी; मूळ पट्टी पुसली की विलंबाचा पुरावाही पुसला जातो.

मर्यादा

कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे नुसत्या पट्ट्यांवरून कळत नाही. रंगकाम ३ दिवस लांबले तर गृहप्रवेश लांबेल. कुंपणाचे काम तितकेच लांबले तर कदाचित काहीच बिघडणार नाही. दोन्ही पट्ट्या मात्र सारख्याच दिसतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या सीपीएम व पर्ट या पद्धतींनी ही उणीव भरून काढली. आजच्या संगणकीय तक्त्यांत पट्ट्यांना जोडणारे बाण दिसतात. गँट यांच्या मूळ तक्त्यांत ते नव्हते.