रेडिएटरचा पंखा (मोटारगाडी) : घरगुती दोषनिदान

रेडिएटरचा पंखा : रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढून आतले तापलेले कूलंट थंड करणारा पंखा. आजच्या बहुतेक मोटारींत तो विजेवर चालतो. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावत असेल तर समोरून येणारा वारा हेच काम करतो. पंखा लागतो तो गाडी उभी असताना किंवा रखडत चालताना. म्हणून त्याचा बिघाड ओळखण्याची पहिली खूण रस्त्यावरच मिळते : मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर असतो आणि सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत किंवा घाटात वाहतूक तुंबली की वर सरकू लागतो. याच्या उलट, वेगात असतानाच काटा चढत असेल तर पंख्याला दोष देऊ नये. कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप आणि आतून चोंदलेला रेडिएटर यांच्याकडे पाहावे. काही नव्या लहान गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

पंखा फिरत नाही म्हणजे मोटर जळाली, असे समजून नवी मोटर बसवण्याची घाई सर्रास होते, आणि ती गाडीमालकाला महागात पडते. मोटर हा एका साखळीतला शेवटचा दुवा आहे. ही साखळी कुठे तुटली ते शोधणे म्हणजेच निदान, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे घरात ठेवण्याजोगी आहेत : साधा मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि फ्यूज लावलेली जाड वायर.

साखळी. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या इंजिनावर पंखा पट्ट्याने फिरे. इंजिन चालू की पंखा चालू, मग गरज असो वा नसो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाचा दंड रेडिएटरकडे तोंड करून नसतो, त्यामुळे अशा गाड्यांत पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर देणेच सोयीचे ठरले. मोटर स्वतंत्र झाली तशी तिला चालू-बंद करणारी यंत्रणाही आली. जुन्या गाड्यांत रेडिएटरमध्ये बसवलेला थर्मोस्विच पाणी तापले की आपणहून जोडला जातो. नव्या गाड्यांत सेन्सर तापमान कळवतो, इंजिनाचा संगणक (ईसीएम) निर्णय घेतो, तो रिलेला चालना देतो आणि रिले बॅटरीचा मोठा करंट फ्यूजमधून मोटरपर्यंत सोडतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सियसला उघडतो आणि पंखा बहुधा ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा.

आधी सावधगिरी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. झाकण आत साधारण एक बार दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही, पण झाकण सैल होताच त्याची एकदम वाफ होते आणि ती तोंडावर-हातांवर येते. इंजिन गार होईपर्यंत थांबावे. पंखा कधीही आपणहून सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत तर चावी काढल्यावरही. पात्यांजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी लांब ठेवावी.

पंख्यापूर्वी पाणी. गार इंजिनावर कूलंटची पातळी पाहावी. पातळी खाली गेली असेल तर सेन्सर कूलंटऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो, त्याला खरे तापमान कळत नाही आणि पंख्याला हुकूमच मिळत नाही. तापलेल्या इंजिनाच्या वरच्या होज पाइपला हाताची पाठ अलगद लावून पाहावी, मग खालच्या. वरचा चटका देतो आणि खालचा गारच आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा आत हवा धरली आहे. अशा वेळी रेडिएटरच्या खालच्या टाकीतला थर्मोस्विच तापतच नाही. पंखा निर्दोष असूनही गप्प बसतो आणि बदलला जातो तोच.

एसीची साक्ष. इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही फिरू लागतो. फिरला, तर मोटर, तिची वायरिंग आणि अर्थिंग ठीक आहेत. दोष तापमान ओळखणाऱ्या बाजूला आहे. काही गाड्यांना दोन पंखे असतात, त्यांपैकी कोणता फिरतो ते नीट पाहून घ्यावे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, म्हणून पंखा मंदावल्याची पहिली तक्रार कित्येकदा ‘सिग्नलला एसी गार करत नाही’ अशी येते. त्यावर गॅस भरून घेतला जातो आणि पंखा तसाच राहतो.

फ्यूज व रिले. पंख्याचा फ्यूज मोठा असतो, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा, आणि तो बॉनेटखालच्या पेटीत असतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, मल्टिमीटरने तपासावा. बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर मोटर जाम झाली आहे किंवा वायर कुठे तरी बॉडीला लागली आहे. तिथे जादा अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे गाडीला आग लावण्याची सोय करणे होय. रिले तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच आकड्याचा, तशाच पायांचा शेजारचा रिले (बहुधा हॉर्नचा) तात्पुरता तिथे लावून पाहणे. यापेक्षाही मोलाची चाचणी साखळी मध्यावर तोडण्याची. रिले काढून त्याच्या खोबणीतल्या ३० आणि ८७ या आकड्यांच्या खाचा फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडाव्यात. पंखा फिरला तर दोष रिलेत किंवा त्याच्या अलीकडे. नाही फिरला तर फ्यूज, वायरिंग, अर्थिंग किंवा मोटर यांत. एका वायरीने अर्धे निदान होते.

कपलर. मोटरजवळचा कपलर सोडवून आत बघावे. पांढऱ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकला एका पायाभोवती तपकिरी डाग पडलेला दिसतो, कधी तिथले प्लॅस्टिक लोण्यासारखे ओघळून पुन्हा घट्ट झालेले असते. पितळी पायाची चमक गेलेली असते आणि वायर वाकवली तर मऊ राहण्याऐवजी कडक लागते. सैल बसलेल्या पायातून दहा-पंधरा अँपिअर वर्षानुवर्षे वाहिल्याची ही खूण. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने याच जागी हिरवट गंज चढतो, आणि पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी तर शहरोशहरी सापडतात. इथे मल्टिमीटर फसवू शकतो. तो जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे दोन-चार तारांवर तग धरलेली वायरही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर अगदीच कमजोर असेल तर तो मिणमिणतो. पंखा फिरत असताना मोटरच्या दोन टोकांवर बॅटरीपेक्षा दोन-तीन व्होल्ट कमी भरले, तर वाटेत कुठे तरी अडथळा आहे असे समजावे.

मोटर. बॅटरी तोडलेली असताना पाते बोटाने फिरवावे. ते सहज फिरायला हवे. खरखर, अडखळ किंवा डुगडुग जाणवली तर बुश झिजले आहेत. मग बॅटरी जोडून, फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला थेट करंट द्यावा. काहीच झाले नाही तर मोटरच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच टकटक करावे. टकटकीने पंखा सुरू झाला तर आतले कार्बन झिजून आखूड झाले आहेत. असा पंखा आज चालेल, उद्या भर रहदारीत दगा देईल. कार्बन बदलून देणारे वाइंडर अजून गावोगावी आहेत आणि जुनी, चांगल्या तांब्याची मोटर त्यांच्याकडे दुरुस्त करून घेणे स्वस्त माल बसवण्यापेक्षा केव्हाही बरे. मोटर परत जोडताना वायरी उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरच्या वाऱ्याशीच झुंजतो. जाळीसमोर धरलेला कागद आत ओढला गेला की दिशा बरोबर.

सेन्सर. थर्मोस्विचच्या गाडीत त्याच्या दोन वायरी चावी चालू ठेवून एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा. संगणकाच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढताच संगणक सुरक्षेसाठी पंखा पूर्ण वेगाने चालवतो. इंजिनचा दिवाही लागतो, त्याने घाबरू नये. सेन्सरचा विद्युत्‌रोध गार असताना जास्त आणि तापल्यावर कमी असतो : अनेक गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, तर ८० अंशांना जेमतेम तीनशे. ओबीडी स्कॅनर असेल तर त्यावरचा तापमानाचा आकडा आणि पंखा सुरू होण्याचा क्षण ताडून पाहणे सर्वांत खात्रीचे.

अन्य लक्षणे. पंखा कायम चालूच राहत असेल तर चिकटलेला रिले किंवा बिघडलेला सेन्सर पाहावा. हळू वेग गेला आणि फक्त पूर्ण वेगच उरला, तर वेग कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो.

मर्यादा. पंख्यावरच स्वतंत्र नियंत्रक असलेल्या किंवा ब्रशविरहित मोटरच्या गाड्यांत थेट करंट देण्याची चाचणी करू नये. नियंत्रक जळू शकतो. हायब्रीड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या नारिंगी केबलींना घरी हात लावू नये.

वाटेत पंखा बंद पडला तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावावा, म्हणजे काही उष्णता गाडीत निघून जाते, आणि काटा तरीही चढत असेल तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. तापलेली गाडी तशीच रेटत नेली तर गॅसकेट जाते, ॲल्युमिनियमचे हेड वाकते.

दुरुस्तीनंतर गाडी एसीशिवाय जागेवर चालू ठेवावी. पंखा सुरू होऊन, तापमान उतरवून, आपणहून बंद व्हायला हवा. हा फेरा निदान तीनदा पाहिल्याशिवाय बॉनेट लावू नये.