दर आठवड्याला एक प्रकरण : हरिभाऊ आपटे आणि ‘करमणूक’

१/१५
सन १८९०. पुण्यात ‘करमणूक’ नावाचे नवे साप्ताहिक निघाले. संपादक होता २६ वर्षांचा, महाविद्यालयात जाऊनही पदवी न मिळालेला एक तरुण. या साप्ताहिकातून यमू नावाची एक स्त्री आपली जीवनकथा स्वतःच्या तोंडाने सांगू लागली. वाचक तिच्या सुखदुःखात गुंतत गेले. वास्तविक ती स्त्री कधी अस्तित्वातच नव्हती. आजचा धागा तिच्या निर्मात्याविषयी, हरि नारायण आपटे यांच्याविषयी.

२/१५
जन्म ८ मार्च १८६४, खानदेशातील पारोळे येथे. आई लहानपणीच निवर्तली. शिक्षण मुंबईत व पुढे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात झाले. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर ही त्या शाळेतील मंडळी. १८८२ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य रचले. इंग्रजी कादंबऱ्यांचे वेड होते. गणिताशी मात्र कधी जमले नाही.

३/१५
त्या काळची मराठी कादंबरी कशी होती? बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) विधवांचे दुःख मांडले होते. परंतु पुढे गाजली ती लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या वळणाच्या अद्भुतरम्य कथा. विरहात सापडलेली सुंदर नायिका, कपटी खलपुरुष, विलक्षण योगायोग आणि शेवटी सर्वांचे मीलन, असा त्यांचा साचा. वाचकाच्या माजघरात काय घडते, हे त्यांत क्वचितच सापडे.

४/१५
हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून येऊ लागली. तिच्यामागे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची प्रेरणा होती. तरीही तिचे पुणे ओळखीचे होते : नवशिक्षित तरुण, जुन्या वळणाची घरे आणि दोहोंच्या कात्रीत सापडलेली माणसे. आपल्या आजूबाजूचे जगणे हाच कादंबरीचा विषय होऊ शकतो, याची खूण त्यांना येथे पटली.

५/१५
आता १८९० चे पुणे डोळ्यांपुढे आणा. आगरकरांचे ‘सुधारक’ पत्र दोन वर्षांपूर्वी निघालेले. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आलेले. मुलींचे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा १८९१ साली झाला, त्यावरून शहर दुभंगले. टिळक कायद्याच्या विरोधात, आगरकर बाजूने. सभा उधळल्या जात होत्या आणि अग्रलेखांना अग्रलेखांनी उत्तरे मिळत होती.

६/१५
नेमक्या या धुमाळीत ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. १८९३ पर्यंत ती चालली. हरिभाऊंनी वाद घातला नाही. एक मुलगी वाढताना दाखवली. भावाबरोबरचे खेळ, कोवळ्या वयातील लग्न, सासरचा जाच, नवऱ्याने मायेने शिकवलेली अक्षरे आणि मुंबईतील थोडेसे मोकळे दिवस. त्यानंतर वैधव्य आणि बळजबरीने झालेले केशवपन.

७/१५
येथे क्रमशः प्रकाशनाचे सामर्थ्य ध्यानात घ्यावे. पुस्तक दोन रात्रींत वाचून होते. यमू मात्र वाचकांच्या घरी दीर्घकाळ येत राहिली. त्यांच्या घरातील लेकीसुना वाढत होत्या, तशीच तीही वाढत होती. म्हणून तिच्यावर कोसळलेला प्रसंग ‘विधवांचा प्रश्न’ उरला नाही. तो ओळखीच्या मुलीवरचा घाला झाला. निबंधाचा प्रतिवाद करता येतो. ओळखीच्या मुलीचा कसा करणार?

८/१५
दुसरे सामर्थ्य भाषेचे. यमू बोलते ते माजघरातले, बायकांच्या तोंडचे मराठी. तीत टोमणे आहेत, लाडिकपणा आहे, मध्येच विषय सोडून भलतीकडे वळणे आहे आणि सांगू की नको असा संकोचही आहे. कथेचा निवेदक सर्वज्ञ पंडित नाही. जे तिने पाहिले, ऐकले, सोसले, तेवढेच वाचकाला कळते. मराठी कादंबरीला हे नवे होते.

९/१५
एका पुरुषाने हे कान कोठून मिळवले? भरल्या एकत्र कुटुंबात ते वाढले होते, हे एक. शिवाय काशीबाई कानिटकर या लेखिकेशी त्यांचा दीर्घ स्नेह व पत्रव्यवहार होता. स्त्रीने पुस्तक हाती धरणे हाच अपराध मानला जाई, त्या काळात काशीबाई स्वतः शिकल्या होत्या. स्त्रीचे मन समजून घेण्यासाठी तिच्याशी बरोबरीने बोलावे लागते, हे हरिभाऊंना उमगले होते.

१०/१५
तथापि एक गोष्ट विसरू नये. यमूच्या आधी आठ वर्षे, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषी समाजाला थेट जाब विचारला होता. ते पुस्तक पुढे विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले. पुरुषाने रचलेली स्त्री घराघरांत पोचली आणि खऱ्या स्त्रीचा आवाज दीर्घकाळ दबून राहिला. हा हरिभाऊंचा दोष नव्हे. परंतु कोणाची कथा टिकते, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

११/१५
आणखी एक मर्यादा : हरिभाऊंचे हे सामाजिक जग प्रामुख्याने पुण्यामुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरांचे आहे. मात्र दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ या कथेत ते त्या उंबऱ्याबाहेर पडले. उपासमारीने गाव सोडणाऱ्या कुटुंबाची ही कथा आरंभीच्या महत्त्वाच्या मराठी कथांत गणली जाते.

१२/१५
लेखकाचा दिनक्रम कसा होता? केवळ लेखणीवर त्यांचा चरितार्थ नव्हता. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी संस्कृत पोथ्यांच्या जतनासाठी १८८८ साली आनंदाश्रम स्थापला. त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पोथ्या, नगरपालिका, संपादन आणि या सर्वांतून वेळ काढून पुढच्या अंकाचे प्रकरण. छपाई कोणासाठी थांबत नसे.

१३/१५
या घाईची किंमतही होती. त्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आहे, कधी पुनरुक्ती आहे आणि काही तर अपूर्णच राहिल्या. छापून गेलेले मागचे प्रकरण सुधारता येत नाही. पुढचे मात्र लिहावेच लागते. तरीही याच शिस्तीतून ‘मी’ आली, ‘उषःकाल’ व ‘गड आला पण सिंह गेला’ या शिवकालीन कादंबऱ्या आल्या आणि विजयनगरच्या अखेरीवरील ‘वज्राघात’ आली.

१४/१५
‘करमणूक’ १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारे २७ वर्षे चालले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. इकडे १८९३ साली, ‘पण लक्षात कोण घेतो!’ पूर्ण झाली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला होता. कादंबरीमुळे समाज बदलला, असे म्हणणे धाडसाचे होईल. बदलू पाहणाऱ्या समाजाला तिने एक ओळखीचा चेहरा दिला, एवढे निश्चित.

१५/१५
पुण्यात पुस्तके घ्यायला अप्पा बळवंत चौकात आपण सारेच जातो. तेथून काही पावलांवर आनंदाश्रमाची वास्तू आजही उभी आहे. पुढच्या खेपेस क्षणभर तेथे थांबा आणि हरिभाऊंची आठवण काढा. मग शक्य झाल्यास त्या चौकातूनच दोन पुस्तके घरी न्या : एक यमूचे, दुसरे ताराबाईंचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.