बाराशे ते छप्पन्न हजार

संगणकावरील मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून आकाशमार्गे धाडण्याची मुभा कॅनडाच्या दळणवळण खात्याने हौशी बिनतारी मंडळींना १९७८ मध्ये दिली, आणि त्याच वर्षी माँट्रियलमध्ये पहिले प्रयोग झाले. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाची मंजुरी मार्च १९८० मध्ये निघाली. परवाना हाती आला, तरी यंत्र मात्र जुनेच राहिले. हौशी माणसाच्या घरचा संच मनुष्यवाणीसाठी घडविलेला. मायक्रोफोनच्या खोबणीतून आत शिरणारे जे काही असेल ते साधारणतः ३०० ते ३००० हर्ट्झच्या मर्यादेत असावे, हा त्याचा शिरस्ता. तेव्हा टेलिफोनच्या तारांसाठी बेल कंपनीने योजिलेली, १२०० व २२०० हर्ट्झच्या दोन सुरांची पद्धत, जिचे मोडीत निघालेले मोडेम स्वस्तात मिळत, तीच जशीच्या तशी उचलली गेली आणि सेकंदाला १२०० बिट हा वेग रूढ झाला.

या रूढीला पहिला मोठा धक्का दिला तो, गंमत अशी की, टेलिफोन-मोडेमच्याच धंद्यातल्या माणसाने. हेस कंपनीचे सहसंस्थापक डेल हेदरिंग्टन यांनी १९८७ मध्ये ५६,००० बिटांचा मोडेम सिद्ध केला. त्यांनी बोलका संच वगळूनच टाकला: मोडेमने २८ मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे ७० किलोहर्ट्झ रुंदीची क्षीण लहर स्वतःच निर्माण करावी, आणि ट्रान्सव्हर्टरने ती वरच्या पट्ट्यात चढवावी. असे करणे किती अपरिहार्य होते, हे हिशेबाने कळते. २५६ अक्षरांचे पाकीट १२०० च्या वेगाने जाण्यास पावणेदोन सेकंद घेते, म्हणून संच ऐकण्यावरून बोलण्यावर येण्यात सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला तरी खपते. पण ५६,००० च्या वेगाने तेच पाकीट सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आत संपते, आणि मग सारा वेळ नुसते तोंड उघडण्यातच खर्ची पडतो! पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या जेम्स मिलर यांनी ९६०० चा मध्यम मार्ग काढला. त्यासाठी संच उघडून थेट डिस्क्रिमिनेटरला, म्हणजे लहरीतून संकेत उकलणाऱ्या भागाला, तार डागावी लागे, आणि नव्या कोऱ्या संचावर असा प्रयोग करण्याचे धैर्य, माझ्या मते, फार थोड्यांकडे असते.

पुढे घरगुती वाय-फायचे राउटर आले. त्यांच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा काही भाग हौशींच्याही वाट्याचा असल्यामुळे, त्यांतील आज्ञावली बदलून लाखो बिटांची जाळी गावोगाव विणली गेली. मात्र हौशी परवान्यात गूढलिपीला थारा नसल्याने या जाळ्यांतून कुलूपबंद मजकूर पाठविता येत नाही. लघुलहरींवरील मजकुराला मात्र अमेरिकी आयोगाने सेकंदाला ३०० संकेतांची जी वेसण घातली होती, ती काढण्याचा निर्णय २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये झाला.