जॉबर ते कामगार कल्याण अधिकारी : मुंबईच्या गिरण्यांतील मानव संसाधन व्यवस्थापनाचा पूर्वेतिहास

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत भरती, निवड, प्रशिक्षण, शिस्तपालन, तक्रार निवारण आणि कामगार कल्याण या मानव संसाधन व्यवस्थापनाच्या मूलभूत संकल्पना स्वतंत्र प्रकरणांतून शिकविल्या जातात. त्यामुळे ही कार्ये प्रारंभापासूनच परस्परांहून वेगळी होती, असा विद्यार्थ्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास मात्र निराळे चित्र दाखवितो. तेथे ही बहुतेक कार्ये दीर्घकाळ एकाच व्यक्तीच्या हाती एकवटलेली होती. ती व्यक्ती म्हणजे जॉबर. त्याच्या हातून ही कार्ये कशी काढून घेण्यात आली आणि ती ज्याच्याकडे सोपविली गेली तो नेमका कोणाचा माणूस ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जॉबरची सत्ता

१८५६ मध्ये मुंबईतील पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढील काळात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांवर हा उद्योग उभा राहिला. कामगार आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यात भाषेचे व सामाजिक स्थानाचे मोठे अंतर होते. ते अंतर जॉबरने भरून काढले. गावाकडील नातलग व ओळखीचे लोक कामावर लावणे, नवख्याच्या हाताला काम शिकविणे, यंत्रे चालू ठेवणे, रजेसाठी शब्द टाकणे आणि नको असलेल्याला घरी बसविणे हे सारे तोच करी. अडीनडीला तो व्याजाने पैसेही देई. नोकरी मिळविण्यासाठी किंवा टिकविण्यासाठी त्याला ‘दस्तुरी’ द्यावी लागे. स्त्री कामगारांच्या खात्यांत हीच भूमिका ‘नायकीण’ बजावीत असे.

तथापि जॉबरला केवळ जुलमी मध्यस्थ मानणे अपुरे ठरेल. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे त्याच्या सत्तेला वस्तीतील संबंधांची मर्यादा होती. आपल्या माणसांना काम मिळवून न देणाऱ्या जॉबरमागे माणसे राहत नसत, आणि माणसे नसलेला जॉबर मालकाच्याही उपयोगाचा उरत नसे. आजच्या परिभाषेत ज्याला कर्मचाऱ्यांचा विश्वास म्हणतात, तो त्याला रोजच्या रोज कमवावा लागे. दस्तुरीचा भुर्दंड मात्र गरजू कामगारावरच पडे, हे विसरता येत नाही.

कार्यांची फाळणी

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपानंतर कामगारांशी थेट संबंध नसण्याची किंमत गिरणी मालकांच्या लक्षात येऊ लागली. १९२९ मध्ये जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही श्रम आयोग नेमण्यात आला. ना. म. जोशी हे त्याचे एक सदस्य होते. आयोगाने १९३१ च्या अहवालात भरती व बडतर्फीचे अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस केली. हा अधिकारी केवळ कारखान्याच्या प्रमुख व्यवस्थापकालाच जबाबदार असावा, असेही सुचविले.

१९३४ च्या मुंबई प्रांताच्या समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. पुढच्याच वर्षी गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक संख्येच्या बदली कामगारांना कार्डे द्यावयाची आणि रोज सकाळी रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. भरतीचे नियमन करण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न असला, तरी जॉबरचा प्रभाव त्याने एकाएकी संपला नाही. कार्ड देणारा हात बदलला. कार्डासाठी कोणाची ओळख लागते, हा प्रश्न बराच काळ तसाच राहिला.

कल्याण अधिकारी कोणाचा?

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. पद कायद्याने निर्माण केलेले, पण नेमणूक व वेतन मालकाचे, अशी ही रचना होती. कामगार त्याला मालकाचा हेर समजत आणि मालक त्याला तंटे मिटविण्याच्या कामाला जुंपत. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये या दुहेरी भूमिकेची दखल घेतली आणि कल्याण अधिकाऱ्याकडे व्यवस्थापनाच्या वतीने तंटे हाताळण्याचे काम देऊ नये, असे म्हटले. जॉबर कोणाच्या बाजूचा आहे, हे कामगाराला निदान ठाऊक असे. या अधिकाऱ्याबाबत तेही निश्चित नव्हते.

१९७० च्या दशकाच्या मध्यास उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रोमध्ये मानव संसाधन विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि ‘कल्याण’ हा शब्द हळूहळू मागे पडला. कायद्यात तो टिकला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी कारखान्यातील कामगारसंख्येची मर्यादा ५०० वरून २५० वर आणली. त्याची नेमणूक मात्र पूर्वीप्रमाणेच मालकाकडे ठेवली.