लॉर्ड नॉर्थचा कायदा आणि आपली साष्टी

सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांना मिळाली, असे सर्रास लिहिले जाते. मालाड, बोरिवली, अंधेरी ज्या बेटावर वसली आहेत, ते बेट खरे तर इंग्रजांनी त्याआधी सात वर्षांहून अधिक काळ बळकावलेले होते. ते कसे पचले हे कळायला लंडनमधल्या एका माणसाकडे पाहावे लागते.

लॉर्ड नॉर्थ जानेवारी १७७० मध्ये पंतप्रधान झाला. नावात लॉर्ड असला तरी वडील हयात असल्याने तो कॉमन्समध्येच बसे. हिशेबात पक्का, स्वभावाने मिश्कील. अमेरिका घालवणारा म्हणूनच तो आज लोकांना ठाऊक आहे. १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनी बुडू लागली, तेव्हा त्याने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज दिले, साठलेला चहा अमेरिकेत खपवायची मुभा दिली आणि वेसण म्हणून रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आणला. चहाचे पुढे बोस्टनला काय झाले ते सर्वश्रुत आहे. कायद्याची कसोटी मात्र ठाण्याच्या खाडीवर लागली.

या कायद्याने मुंबई आणि मद्रासला गव्हर्नर जनरल व त्याच्या कौन्सिलच्या संमतीवाचून युद्ध किंवा तह करण्यास मनाई केली. पळवाटा दोन ठेवल्या: तातडीची निकड, किंवा कंपनीच्या संचालकांचा थेट हुकूम.

मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याला १७३७ पासून मराठ्यांकडे असलेली साष्टी हवीच होती. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यात फूट पडली. तेवढ्यात पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची वार्ता आली आणि निकड आयती हाती लागली. २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला गेला. आतली बहुतेक शिबंदी कापली गेली, असे ग्रँट डफ नोंदवतो. कलकत्त्याचे नवे कौन्सिल बसून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

मार्च १७७५ मध्ये मुंबईने राघोबाशी सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई लिहून घेतली. कलकत्त्याने तो तह अमान्य केला आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. राघोबाला सोडले, साष्टी सोडली नाही! लंडनच्या संचालकांनी तर सुरतेचाच तह उचलून धरला.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म वडगावात आहे. जानेवारी १७७९ मध्ये तिथे कोंडीत सापडलेल्या मुंबईकर फौजेने १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसकट, परत द्यायचे कबूल केले. तेव्हा मात्र इंग्रजांना अधिकाराचा प्रश्न आठवला: सही करणाऱ्यांना तह करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून करार झिडकारला. बेट घेताना हा कायदा आडवा आला नव्हता.

अमेरिकेतल्या पराभवाने नॉर्थ मार्च १७८२ मध्ये पायउतार झाला. १७ मे रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तेव्हा लंडनला पंतप्रधानपदी रॉकिंगहॅम होता. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.