चकाकी साच्याची की राखेची?

वैरागसारख्या गावात लक्ष्मीपूजनाआधी जुने चांदीचे रुपये राखेने घासून लख्ख केले जातात. १८३५ ते १९३९ या काळातला कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात १२ पैकी ११ भाग चांदी. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली. संग्राहक मात्र व्हिक्टोरिया राणीच्या केसांच्या रेघा किती शिल्लक आहेत, हे पाहून नाण्याचा दर्जा ठरवतो. मग १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीचे १० रुपयांचे प्रूफ नाणे आरशासारखे का चमकते? ती चकाकी घोटून गुळगुळीत केलेल्या साच्याची. जुन्या रुपयावरचा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. घासल्यावर त्यासोबत चांदी जाते, रेघाही जातात. म्हणून मुलांना नाणे भिंगाखाली दाखवा; घासू देऊ नका.